स्नो टायर की ऑल-सीझन? सोलापुरात पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी टायर निवडीची वाट

दसरा-दिवाळीला गाडी दारात आली की महिन्याभरात मोबाइलवर एकाच जातीचे व्हिडिओ दिसायला लागतात. पांढऱ्याशुभ्र रस्त्यावर घसरत चाललेल्या गाड्या आणि वर सल्ला: हिवाळा आला, टायर बदला. मग कोणीतरी टायरच्या दुकानात जाऊन विचारतो, ‘हिवाळ्याचे टायर ठेवता का हो?’ दुकानदार चहा मागवतो आणि जे रॅकवर आहेत तेच दाखवतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. गाडी सोलापुरात राहणार असेल, पुणे-हैदराबाद-विजापूर-तुळजापूर याच वाटांवर फिरणार असेल, तर स्नो टायरची गरज नाही. फुकट मिळाले तरी लावू नयेत. पण विचारणाऱ्याला हसण्याचंही कारण नाही, कारण टायर हवामान बघूनच निवडायचा असतो. आपल्याकडे तो उन्हाळा बघून निवडायचा, आणि त्यानंतर भाद्रपदातला पाऊस बघून. हिवाळ्याचा नंबर शेवटी लागतो.

आधी रबराचा स्वभाव

टायर रस्ता धरतो तो दोन गोष्टींच्या जोरावर: रबर किती मऊ आहे आणि वरची नक्षी कशी आहे. डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल तेल जसं थिजतं, तसं साध्या टायरचं रबर थंडीत घट्ट होत जातं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते इतकं कडक होतं की रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. बर्फ नंतरची गोष्ट, नुसती थंडी पुरते.

स्नो टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं. ते शून्याखालीही लवचीक राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो, आणि बर्फ बर्फाला चांगला चिकटतो, म्हणून तोही पकड देतो.

आता हाच टायर एप्रिलमध्ये मोहोळ-टेंभुर्णीच्या रस्त्यावर आणून बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि डांबराचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असतं. थंडीसाठी मऊ केलेलं रबर इथे अजून मऊ पडतं, ठोकळे डुलायला लागतात, वळणावर गाडी हातात राहत नाही, ब्रेक लावल्यावर ती लांब जाऊन थांबते आणि टायर भराभर झिजतो. म्हणून फुकट मिळाले तरी लावू नयेत म्हटलं.

ऑल-सीझन हा मधला मार्ग. उन्हात फार मऊ नाही, थंडीत फार कडक नाही, पावसात बरा. भारतात मोटारींसाठी जे टायर सर्रास विकले जातात ते उष्ण हवामानाचा विचार करून बनवलेले असतात. त्यांतल्या काहींवर ‘एम प्लस एस’ अशी खूण दिसते. म्हणजे चिखल आणि बर्फ. ती खूण बघून ‘चला, आपला टायर बर्फातही चालतो’ असं समजू नका. ती खूण नक्षीच्या रचनेवरून कंपनीच लावते, बर्फावर चाचणी घेतल्याचा तो पुरावा नव्हे. बर्फावरची ठरावीक चाचणी पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. ते नसेल तर बर्फाच्या बाबतीत टायरकडून अपेक्षा ठेवू नये.

सोलापूरच्या हिवाळ्याचं काय? पहाटे गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर लागतो, एवढंच. दुपारी ऊन तापतंच. त्या ७ अंशांच्या रेषेच्या आसपासही आपली गाडी सहसा जात नाही. इथल्या हिवाळ्यात टायरपेक्षा हेडलाइटची आणि ब्रेकची काळजी घ्या, कारण तोच कारखान्यांचा गळीत हंगाम. ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्री मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा चाललेल्या असतात, शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडलेली असते, आणि पहाटे दव पडलं की ती माती साबणासारखी होते. त्यावर कुठलाच टायर जादू करत नाही, वेग कमी करावा लागतो.

पहिली पायरी: आपली गाडी कुठे फिरते ते कागदावर मांडा

दुकानात जाण्याआधी हे करा, नाहीतर दुकानदार जे सांगेल तेच खरं वाटतं. गाडी शहरातच, ऑफिस आणि शाळा एवढीच? की दर आठवड्याला पुण्याला, अडीचशे किलोमीटर, चौपदरी रस्त्याने सलग? गावी शेत आहे का, शेवटचे चार-पाच किलोमीटर काळ्या मातीतून किंवा मुरमाच्या रस्त्यावरून? घरची किती माणसं बसतात? सीएनजीची टाकी बसवलेली आहे का? ती असेल तर मागच्या चाकांवर कायमचा बोजा आहे, हे लक्षात असू द्या.

शहरातच फिरणाऱ्या गाडीला टिकाऊ, मध्यम किमतीचा टायर पुरतो. आठवड्याला पुणे किंवा हैदराबाद गाठणाऱ्याने उष्णता सोसणारा आणि ओल्या रस्त्यावर थांबणारा टायर घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. शेताच्या वाटेवर चालणाऱ्याला मजबूत बाजूची भिंत हवी. फार खडबडीत नक्षीचा जाड टायर जीप-बोलेरोला शोभतो. साध्या मोटारीला तो लावला तर हायवेवर आवाज करतो आणि मायलेज खातो.

दुसरी पायरी: टायरवर काय लिहिलंय ते वाचायला शिका

हे एकदा जमलं की तुम्हाला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही. टायरच्या बाजूवर असं काहीतरी असतं: १८५/६५ आर १५ ८८ एच.

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कोणी वाचत नाही, आणि सोलापूरसाठी पुढचंच महत्त्वाचं.

८८ हा वजनाचा आकडा. त्याचा अर्थ ८८ किलो असा नाही. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. ८५ म्हणजे ५१५, ८२ म्हणजे ४७५, ७९ म्हणजे ४३७. कंपनीने गाडीला जो आकडा दिलाय त्याच्या खालचा टायर कधीच घेऊ नका. वरचा चालतो. स्वस्तात मिळतोय म्हणून ८८ च्या जागी ८२ घेतला आणि पाच माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअर असं मे महिन्यात अक्कलकोटहून पुढे गाणगापूरला निघालात, तर टायरवर त्याच्या ताकदीच्या काठावरचं वजन येतं, तेही तापलेल्या रस्त्यावर.

शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. ‘आपण कुठे दोनशेने पळवतो?’ हा प्रश्न बरोबर आहे. पण हे अक्षर ठरतं ते टायर सलग वेगात किती उष्णता सोसतो त्यावरून. म्हणून गाडीला कंपनीने एच दिला असेल तर टी घेऊ नये. उन्हाळ्यात हायवेवर तो राखीव दम कामी येतो.

काही टायरवर, विशेषतः परदेशी बाजारातही विकल्या जाणाऱ्या मॉडेलवर, आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या सापडतात: ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (ओल्या रस्त्यावरची पकड) आणि टेंपरेचर (उष्णता सोसणं). हे अमेरिकी पद्धतीचं वर्गीकरण. टेंपरेचरच्या पुढे ए, बी किंवा सी असतं आणि ए सर्वांत चांगलं. आपल्याकडे निवड करता येत असेल तर ए बघूनच घ्यावं. ट्रेडवेअरचा आकडा मोठा तेवढा टायर जास्त टिकतो. पण खूप टिकणारं रबर बहुधा कडक असतं आणि पावसात थोडं कमी धरतं. मोठ्या आकड्याच्या मोहात पडून ट्रॅक्शनकडे दुर्लक्ष करू नका.

आयएसआयची खूणही बघून घ्या. मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे आणि तो आकडा टायरवरच असतो.

तिसरी पायरी: ‘मोठा टायर’ टाकण्याआधी गणित करा

गाडी उंच दिसावी, रुबाबदार दिसावी म्हणून रुंद टायर टाकायची हौस आपल्याकडे भारी. हौस करा, पण चाकाचा एकूण व्यास फार बदलू देऊ नका. हिशोब सोपा आहे. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलना १६५/८० आर १४ असतो, वरच्यांना १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास येतो ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. दोन मिलिमीटरही फरक नाही. म्हणजे रिमसकट बदललं तर मीटर आणि ब्रेकचा अंदाज तोच राहतो. आता त्याच १५ च्या रिमवर १९५/६५ टाकला तर व्यास ६३४.५ होतो, दोन टक्क्यांहून जास्त मोठा. एवढ्यात फार बिघडत नाही, पण यापुढे जाऊ नका. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, पिकअप मंदावतो, आणि वळताना टायर चाकावरच्या कमानीला घासतो. विम्याच्या दाव्यातही अशा बदलांवर बोट ठेवलं जाऊ शकतं.

चौथी पायरी: खरेदी, आणि ती चार आकड्यांची तारीख

टायरच्या भिंतीवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२४ म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. हा मजकूर काही टायरच्या एकाच बाजूवर असतो. दुकानदार ती बाजू आत करून बसवून मोकळा होतो, म्हणून बसवण्याआधी बघा. सोलापुरी भाषेत सरळ म्हणा, ‘मालक, तारीख दाखवा की.’ त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, आणि उष्णतेत लवकर होतं. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर दिसायला नवा कोरा असतो. माझा नियम असा: सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, एक वर्षापर्यंत चालेल, त्याहून जुना असेल तर दुसरं दुकान. सवलत कितीही द्या म्हणाला तरी.

चारही टायरची तारीख एकाच सुमाराची असावी. दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर एकाच आसावर, म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्या किंवा मागच्या डाव्या-उजव्या जोडीत, कधीही लावू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचा सिरियल नंबर असू द्या. वॉरंटीचा दावा त्याशिवाय चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, ट्रॅक्टरच्या टायरवर तर ५ टक्के. जुना भाव सांगून वर ‘टॅक्स वेगळा’ म्हणणाऱ्याला हे माहीत आहे, तुम्हालाही असू द्या.

रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरबद्दल एकच वाक्य. ट्रकच्या मागच्या चाकांना चांगल्या कारखान्यातून रिट्रेडिंग करून घेणं हा जुना, रीतसर व्यवहार आहे, पण मोटारीला नाक्यावरचा रिमोल्ड लावू नका.

हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, हे दर वेळी विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू गळतो आणि त्यात ओल नसते, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर भरा. त्यासाठी गावभर फिरू नका, आणि वाटेत हवा कमी वाटली तर ‘आपला नायट्रोजन आहे’ म्हणून साधी हवा भरायचं टाळूही नका. दोन्ही मिसळले तरी काही होत नाही.

पाचवी पायरी: हवा. सोलापूरकराची खरी परीक्षा इथे आहे

आपल्याकडे एक समज घरोघरी आहे: उन्हाळ्यात टायर तापतो, हवा फुगते, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच ठेवावी. ऐकायला पटतं, आणि साफ चूक आहे.

हवा कमी असली की टायर बसका होतो. फिरताना प्रत्येक फेरीला त्याची भिंत वाकते आणि सरळ होते, मिनिटाला शेकडो वेळा. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. हवा जितकी कमी, तितकं वाकणं जास्त, तितकी आतली उष्णता जास्त. वरून रस्ता तापलेला, गाडीत माणसं भरलेली, वेग शंभरच्या घरात, आणि टायर सहा-सात वर्षांचा. आतले थर सुटायला लागतात आणि एका क्षणी टायर फुटतो. मे महिन्यात हायवेच्या कडेला रबराच्या सालपटांचे ढीग दिसतात ते बहुतेक असेच तयार झालेले असतात. ऊन हे शेवटचं निमित्त असतं. सुरुवात कमी हवेतून झालेली असते.

मग करायचं काय? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. कंपनीने सांगितलेला दाब तिथे लिहिलेला असतो: दोन-तीन माणसांसाठी एक, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा. बहुतेक मोटारींना तो ३० ते ३६ पीएसआयच्या (म्हणजे बोलण्यातल्या ‘पॉइंट’च्या) दरम्यान असतो. तोच पाळा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा हा टायर जास्तीत जास्त किती सोसतो त्याचा आहे, भरायचा नाही. पंपावरचा पोरगा ‘साहेब, सगळ्यांना पस्तीसच टाकतो’ म्हणाला तरी तुमचा आकडा तुम्ही सांगा.

दाब मोजायचा तो थंड टायरवर. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, किंवा घरापासून दोन-एक किलोमीटरच्या आत. पुण्याहून परत येऊन बाळ्याच्या पंपावर मोजलं तर चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. ती हवा सोडू नका. गाडी थंड झाली की दाब जागेवर येतो, आणि तुम्ही सोडली असेल तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो.

बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब साधारण एक पीएसआयने बदलतो. शिवाय चांगला टायरही महिन्याला एक-दीड पीएसआय आपोआप गमावतो. म्हणून महिन्यातून एकदा, आणि हायवेला निघायच्या आदल्या दिवशी. स्वतःचं गेज घ्या, काहीशे रुपयांत मिळतं. पंपावरची यंत्रं रोज आपटली जातात, त्यांच्यात दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो.

दुपारी बारा ते चार हायवे टाळता आला तर टाळा. टाळता आला नाही तर दीड-दोन तासांनी भिगवण, इंदापूर असं कुठेतरी सावलीत थांबा. थांबल्यावर टायरवर पाणी मारायची सवय काहींना असते. त्याची गरज नाही, सावली आणि वेळ पुरते. हात लावून बघा: एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटलाय.

सहावी पायरी: पावसासाठी नक्षी

सोलापूरला पाऊस कमी, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. त्यामुळे आठ-नऊ महिने गुळगुळीत टायरचं काही बिघडत नाही असं वाटत राहतं. मग एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस येतो, रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते, सखल भागात पाणी उभं राहतं, आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते. स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक लागत नाही. नक्षीतल्या खाचांचं काम हेच की चाकाखालचं पाणी बाजूला फेकायचं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा राहत नाही.

नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पावसाची पकड त्याआधीच, तीन मिलिमीटरच्या आसपास, बरीच उतरलेली असते. म्हणून ज्याचा टायर मे महिन्यात तीन मिलिमीटरवर आलाय त्याने पावसाळ्याआधीच बदलावा, दिवाळीच्या ऑफरची वाट बघू नये.

आणि वय. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवून घ्या, भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील तर नक्षी कितीही असो, काढा. दहा वर्षांवरचा टायर कुठल्याही अवस्थेत नको. भिंतीवर फुगा आला असेल तर त्याच दिवशी बदला. आतले धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही, आणि भिंतीचं पंक्चर काढून चालत नाही.

सातवी पायरी: दोनच बदलायचे असतील तर

नवे दोन टायर मागे लावा. बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून मेस्त्री नवे पुढे टाकतो. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि नवख्या माणसाला ती सावरता येत नाही. पुढची सुटली तर पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मेस्त्रीशी वाद घालायची तयारी ठेवा, मात्र पुढे गेलेले जुनेही चांगले असायला हवेत.

बसवताना व्हॉल्व नवे घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि नट हाताच्या पान्याने शेवटचे आवळायला लावा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे फिरवून घ्या. स्टेपनीलाही हवा, तारीख आणि वय असतं. सीएनजीवाल्यांची स्टेपनी सामानाखाली विसरलेली असते. नव्या काही गाड्यांत स्टेपनीच नसते, तिथे पंक्चर किट असतं. ते कसं वापरायचं ते घरी एकदा करून बघा, रात्री हैदराबाद रोडला नको.

आणि खरंच बर्फात जायचं असेल तर

डिसेंबरात मनालीला गाडी घेऊन जाणारे सोलापूरकर आता कमी नाहीत. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर. त्यातला जवळजवळ सगळा रस्ता मैदानी आणि कोरडा, बर्फ शेवटच्या टप्प्यात. म्हणून इथून स्नो टायर लावून निघण्यात अर्थ नाही. शिवाय ते आपल्याकडे सहज मिळतही नाहीत. थंड देशांसाठी बनलेले टायर बाहेरूनच येणार, आणि जून २०२० पासून मोटारींच्या नव्या टायरची आयात परवान्याखाली आहे.

आहेत ते टायर चांगले, खोल नक्षीचे असू द्या आणि बर्फाच्या साखळ्या तिकडे भाड्याने किंवा विकत घ्या. साखळी इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना लावायची, स्विफ्ट-वॅगनआरसारख्या गाड्यांना म्हणजे पुढच्या. वेग ताशी तीस-चाळीसच्या आत. डांबर दिसलं की काढायच्या, नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही फाटतो. बर्फ पडला की सोलंग आणि अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस बहुतेकदा फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) किंवा साखळीवाल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. फोर-बाय-फोर असली तरी उतारावर थांबण्यात तिची काही मदत होत नाही. चढायला होते. नवख्या माणसाने गाडी मनालीत ठेवून स्थानिक टॅक्सी करावी, हे माझं स्पष्ट मत.

एक गोष्ट निघण्याआधी करा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतून वर्षानुवर्षं गाडी चालवतात. शून्याखाली ते गोठतं आणि गोठताना फुगतं, रेडिएटर फुटतो. योग्य कूलंट भरून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही बदला.

शेवटी ज्यांची मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर आहेत त्यांच्यासाठी. तिथे हा प्रश्न खरा आहे आणि कायद्याचाही आहे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच ग्राह्य. नुसतं ‘एम प्लस एस’ चालत नाही. नसतील तर दंड ६० युरोंपासून. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लागतातच. कॅनडाच्या दुसऱ्या प्रांतांत नियम वेगळे आहेत, पण थंडी तीच. तिकडे ऑल-सीझन घ्यायचा तर त्यावर डोंगर-हिमकणाची खूण असलेला घ्यावा, आणि तोही जिथे बर्फ क्वचित पडतो तिथेच. महिनोन्‌महिने बर्फ असेल तर चारही चाकांना हिवाळी टायर. दोनच लावून पैसे वाचवले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं. हिवाळी टायरची नक्षी चार मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फात त्याचा उपयोग संपत येतो. ऑस्ट्रियात तर कायदाच चार मिलिमीटर मागतो.

मुलगा तिकडे जुनी गाडी बघत असेल तर त्याला फोनवर एवढं सांगा: किंमत ठरवण्याआधी विकणाऱ्याला विचार, टायरचा दुसरा सेट सोबत देतोय का, तो रिमवर चढवलेला आहे का, आणि त्यावरचे चार आकडे काय आहेत.